सत्तावीस नंबरच्या पेटीतलं आठवं हाड

मी डॉक्टर नाही, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. सोलापुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागात चोवीस वर्षं लिपिक आहे, एवढंच. पण भवानी पेठेत आमच्या गल्लीत हा फरक कुणी मानत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस धोतर वर करून मला गुडघा दाखवतो. मी सांगतो की गुडघ्यातलं मला काही कळत नाही, गुडघ्यासाठी रजेचा अर्ज कसा लिहायचा तेवढं कळतं. तो हसतो आणि दुसरा गुडघा दाखवतो.

या चोवीस वर्षांपैकी सोळा वर्षं माझ्याकडे स्थलांतराचं टेबल होतं. मुलं त्याला मायग्रेशन म्हणतात. बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. डॉक्टरकीला प्रवेश मार्कांवर मिळतो, त्यामुळे कोण कुठे जाऊन पडेल ते सांगता येत नाही. सोलापूरचा मुलगा गोंदियाला जातो, गोंदियाची मुलगी इथे येऊन आमच्या उन्हाला नावं ठेवते. पूर्वीच्या नियमात कॉलेज बदलायची एकच संधी असे. पहिल्या वर्षाची परीक्षा पास झाल्यावर, निकालापासून एका महिन्यात अर्ज. समोरच्या कॉलेजात जागा रिकामी हवी. शंभराच्या तुकडीमागे पाचांनाच मुभा. इथल्या कॉलेजची ना हरकत, तिथल्या कॉलेजची ना हरकत, विद्यापीठाची परवानगी. आणि कारण खरं हवं.

शेवटच्या अटीसाठीच मला पगार मिळत होता, असं मी समजतो.

मोडनिंबच्या एका आडत दुकानदाराने मुलाला मेसचं जेवण मानवत नाही असं कारण दिलं होतं. पुरावा म्हणून दर महिन्याला दुकानाच्या काट्यावर मुलाचं वजन करून सात चिठ्ठ्या जोडल्या होत्या. घट साडेचार किलो. मी बेरीज-वजाबाकी तपासली, बरोबर होती. काटा प्रमाणित असल्याचा दाखला नाही असा शेरा मारून अर्ज परत केला. मला वाटलं होतं, संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गृहस्थ काट्याचा दाखला घेऊन हजर. शिवाय काटाही टेम्पोत घालून आणला होता. अर्ज तरीही नियमात बसला नाही, पण आमच्या कार्यालयातल्या सगळ्यांनी त्या दिवशी वजन करून घेतलं. मी बहात्तर किलो भरलो.

दुसऱ्या एका मुलाने इथल्या हवेचा त्रास होतो असं लिहिलं होतं. जिथे जायचं होतं ते कॉलेज चंद्रपूरला. मी त्याला बसवून घेतलं आणि तिथे उन्हाळ्यात काय असतं ते विचारलं. तो लाजला. ज्या मुलीसाठी चालला होता तिचं नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अर्ज त्याचा त्यानेच घडी घालून खिशात ठेवला.

आणि एक अर्ज मी एका दिवसासाठी नाकारला. तो मुलगा बत्तिसाव्या दिवशी आला. महिना एकतीसचा होता. आईचं आजारपण खरं होतं, कागद पुरे होते, फक्त दिवस एक जास्त होता. मी मोजला तो दिवस बरोबरच मोजला होता, आजही पुन्हा मोजला तर तेवढाच येईल. तो मुलगा इथेच शिकला, डॉक्टर झाला आणि आमच्याच भागात दवाखाना टाकला. त्याची पाटी माझ्या रोजच्या रस्त्यात येते. तिथे आलं की मी समोरच्या बाजूला जातो. बायको म्हणते, तिकडे सावली तरी असते का? नसते.

हे सगळं सांगायचं कारण भाग्यश्री कलशेट्टी. ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा निकाल लागून चोवीस दिवस झाले होते. वडील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. ते त्याच वर्षी गावी हृदयविकाराने गेले. आईची किडनी आधीपासून अधू. लातूरच्या मामांनी तिला आणि धाकट्या भावाला आपल्याकडे नेलं आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू केलं. मामांना दुकान सोडून दरवेळी जाता येत नव्हतं. आठवीतला भाऊ शाळा बुडवून आईला दवाखान्यात न्यायचा. भाग्यश्रीला लातूरच्या कॉलेजात जायचं होतं. तिथे एकच जागा रिकामी होती. त्या जागेचं पत्र यायला चोवीस दिवस लागले होते.

मी कागद पाहिले. मृत्यूचा दाखला, डायलिसिसचे कागद, मामांचं प्रतिज्ञापत्र. सोळा वर्षांत इतका स्वच्छ अर्ज मी पाहिला नव्हता. मी तिला सांगितलं, "सहा दिवस आहेत. नो ड्यूजच्या अकरा सह्या आण. एक जरी राहिली तरी मी पुढे पाठवणार नाही."

नो ड्यूज म्हणजे जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे कॉलेजची कुठलीही वस्तू राहिलेली नाही असा कागद. ग्रंथालय, वसतिगृह, मेस, जिमखाना, प्रयोगशाळा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिच्या दहा सह्या झाल्या. अकरावी शरीररचना विभागाची होती, आणि तिथे रज्जाकभाई होते.

रज्जाकभाई त्या विभागातले परिचर. मुलं त्यांना चाचा म्हणतात. प्राध्यापक येतात आणि बदलून जातात, रज्जाकभाई तिथेच. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासासाठी खऱ्या माणसाच्या हाडांची एक पेटी मिळते. पेटीला नंबर, आत प्रत्येक हाडावर शाईने तोच नंबर. देताना रज्जाकभाई मोजून देतात, घेताना मोजून घेतात. त्यांच्यापुढे माझी मोजणी म्हणजे पोरखेळ. मनगटात आठ बारकी हाडं असतात आणि त्यातलं सगळ्यात लहान वाटाण्याएवढं असतं. हरवतं ते हमखास तेच. एका मुलाने खरोखरच वाळलेल्या वाटाण्याला नेलपॉलिश लावून, त्यावर नंबर घालून ते पेटीत ठेवलं होतं. रज्जाकभाईंनी तो वाटाणा त्याच्या हातावर परत ठेवला आणि म्हणाले, "भिगाओ. सुबू तक फूला, तो तुमारा. नै फूला, तो मेरा."

शनिवारी रज्जाकभाईंनी माझ्यासमोर भाग्यश्रीची सत्तावीस नंबरची पेटी मोजली. मनगटाची सातच भरली. वाटाण्याएवढं हाड नव्हतं.

या हाडाला दंड भरून सुटका नाही, ही यातली अडचण. वाचनालयाचं पुस्तक हरवलं तर किंमत भरता येते. माणसाच्या हाडाची किंमत आमच्या नोंदवहीत कुठेच लिहिलेली नाही, कारण ते बाजारात मिळत नाही. रकाने तीनच. परत, मोडले, गहाळ. मोडलं तर तुकडे दाखवायचे. गहाळ लिहिलं तर चौकशी, आणि चौकशीला किमान पंधरा दिवस.

रज्जाकभाईंच्या कपाटात एक बरणी होती. वर्षानुवर्षं इकडेतिकडे सापडलेली, नंबर पुसलेली सुटी हाडं तिच्यात पडलेली. त्यातलं एक घेऊन आठ पुरी करायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बरणीकडे पाहिलं. माझ्यासारख्या माणसाने पाहायला नको होतं, पण पाहिलं. रज्जाकभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, वो दुसरे के हात की हड्डी. एक हात में दो आदमी नक्को."

भाग्यश्री शेवटच्या एसटीने गावच्या घरी हाड शोधायला गेली. रविवारी सकाळी माझ्या फोनवर तिचा फोन आला. "सर, कुठंय ते कळलं, शेतात आहे. पण आणता येत नाही." मी कारण विचारलं तर म्हणाली, "आज्जी देत नाही."

सत्ताविसावा दिवस चालू होता. मी रज्जाकभाईंना फोन केला. तासाभरात ते मोटारसायकल घेऊन दारात उभे होते. डिकीत, पिशवीत घातलेलं खुरपं होतं.

अक्कलकोट रस्त्याने आम्ही निघालो. एमआयडीसी मागे पडेपर्यंत रज्जाकभाई मला समजावत होते की म्हाताऱ्या माणसाशी आवाज चढवून बोलायचं नाही. मी त्यांना सांगत होतो की मी आजवर कुणाशीच आवाज चढवलेला नाही. ते म्हणाले, "मालूम है. लिखके चढाते तुमे."

गाव रस्त्यापासून आत होतं. भाग्यश्रीची आजी, वडिलांची आई, घरापुढे तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची पेटी. मी बिराजदार, आमच्या घरीही कन्नडच, त्यामुळे तिने मला एका वाक्यात जात, पोटजात, आजोळ विचारून घेतलं आणि मग नातीला चहा टाकायला सांगितलं. रज्जाकभाईंना तिने काही विचारलं नाही, फक्त माझ्याआधी कप दिला.

चहा झाल्यावर तिने आपणहून सांगितलं. मुलगा गेला तेव्हा नात पेटी घेऊन घरीच होती. पेटीत काय आहे ते आजीला ठाऊक होतं, कारण पोर रात्रंदिवस हाडं हातात घेऊन नावं घोकत असे. मुलाला शेताच्या बांधावर माती दिली. आम्हा लिंगायतांत दहन नसतं, माती देतात. तिसऱ्या दिवशी तिच्या मनात आलं की आपल्या लेकाला माती मिळाली, आणि या पेटीतला माणूस कुणाचा तरी लेक असेलच की. तो खाटेखाली पडून आहे.

"मग मण्ण माडीनि," ती म्हणाली. म्हणजे माती दिली.

मी विचारलं, "अव्वा, मग एवढं एकच का?"

"सगळंच देणार हुते की तम्मा. पन पोरीचं शिक्षान हाय. मोठं हाड काडलं आसतं तर साळंत बोलनी बसली आसती तिला. म्हनून लई बारीक हुतं ते घेतलं. सगळ्याच्या वतीनं."

म्हातारीने हिशेब माझ्यापेक्षा काटेकोर केला होता. पेटीतल्या सगळ्या माणसाच्या वतीने एक, तेही कुणाला कमी पडणार नाही असं बघून. फक्त कमी पडणार नाही ते नेमकं सगळ्यांत जास्त मोजलं जातं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही बांधावर गेलो. मुलाच्या जागेशेजारी चार दगड ठेवलेले होते, एवढेसे. वर वाळलेलं बेलपान. रज्जाकभाईंनी खुरपं बरोबर आणलं होतं. ते उकिडवे बसले. मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. भाग्यश्री बाजूला उभी होती. तिने आईचं नाव काढलं नाही, लातूरचं काढलं नाही. आजी मात्र मला म्हणाली, "तुमाला पायजेच आसंल तर काडा. पोरीची आई तिकडं वाट बगाय लागली. मी आडवी येनार न्हाय. पन माज्या हातानं न्हाय काडणार."

फोनवर जिच्याबद्दल ‘देत नाही’ असं ऐकलं होतं ती म्हातारी समोर देत होती. मला वाटतं, ते जास्त अवघड झालं.

रज्जाकभाईंनी दोन्ही हात वर केले, ओठ हलले, मग हात तोंडावरून फिरवले आणि खुरपं परत पिशवीत घातलं. मला म्हणाले, "हमारे में भी मिट्टी देते, साहेब. दी हुई मिट्टी वापस नै लेते. तुमारे रजिस्टर में कुछ रास्ता होंगा तो देखो. मैं सई नै करता ऐसा नै. पन झूट पे नै करता."

चहा आणखी एकदा झाला. परत येताना मी मागे बसून रकाने आठवत होतो. परत, मोडले, गहाळ. परत नाही. मोडलं नाही. गहाळ तर अजिबात नाही, इतकं नक्की ठिकाण माहीत असलेली दुसरी वस्तू आमच्या कॉलेजात नसेल. टॉवेलच्या कारखान्यांशी आलो तेव्हा मी रज्जाकभाईंच्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावली.

शरीररचना विभागात दुसरी एक नोंदवही असते, हे मला तेव्हा सुचलं. विच्छेदनासाठी आलेला देह वर्ष-दीड वर्षाने संपतो. मग उरलेले अवशेष रीतीप्रमाणे पोहोचवले जातात आणि त्याची नोंद होते. देहाचा क्रमांक, दिनांक, विधी, ठिकाण, साक्षीदार दोन, आणि शेवटचा रकाना जागेची देखभाल. त्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द लिहिलेला आहे, महानगरपालिका. या नोंदवहीत देह पूर्णच असावा असं कुठेही म्हटलेलं नाही. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून रज्जाकभाईंना विचारलं, "आजवर पूर्ण देह कधी पोचवलात का?"

ते विचार करून म्हणाले, "नै. बचा हुआ जाता सो."

"मग हेही उरलेलंच."

त्यांनी गाडी पुन्हा चालू केली. मग म्हणाले, "बिराजदार, तुमे उत्ते बुरे नै."

सोमवारी सकाळी आम्ही दोघांनी नोंद केली. पेटी क्रमांक सत्तावीस, मनगटाचं हाड एक, विधी दफन, ठिकाण गावाचं नाव, बांध. साक्षीदार म्हणून रज्जाकभाई आणि मी. देखभालीच्या रकान्यात आजीचं नाव. हाडांच्या वहीत सात परत, आणि आठव्यापुढे ‘पाहा, अवशेष नोंदवही’ आणि पान नंबर. दोन्ही वह्या विभागप्रमुख मॅडमकडे नेल्या. मॅडम कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी नोंद दोनदा वाचली. मी तयारी केली होती, एकेका प्रश्नाला उत्तर होतं. त्यांनी विचारलेला प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

"उजवं की डावं?"

रज्जाकभाई म्हणाले, उजवं. मॅडमनी स्वतःच्या पेनाने ‘उजव्या’ हा शब्द वर लिहिला, बाण काढला, सही केली, आणि पुढच्या वर्षीपासून पेट्या घरी न्यायच्या की नाही याचा विचार करायला हवा असं म्हणाल्या. अजून विचार चालू आहे.

अकरावी सही झाली तो अठ्ठाविसावा दिवस. एकोणतिसाव्या दिवशी भाग्यश्रीने कागद स्वतः विद्यापीठात नेऊन दिले. दोन आठवड्यांनी परवानगी आली. दाखला घ्यायला ती आली तेव्हा भावाला घेऊन आली होती. तो मला म्हणाला की आता मी रोज शाळेत जाणार. मी त्याला हजेरीची टक्केवारी विचारली. पाठ होती.

दरवर्षी साठा तपासणीला बाहेरून एक अधिकारी येतो. त्या पानाशी थांबतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, हे शेत आपल्या ताब्यात आहे का? मी नाही म्हणतो. मग तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो, आणि तो पान उलटतो. रज्जाकभाई निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी पेट्या मोजून नवीन परिचराच्या ताब्यात दिल्या. सत्ताविसाव्याला सात मोजून झाल्यावर ते म्हणाले, "आठवी गाव में है," आणि नवीन माणसाने मान डोलावली, जणू प्रत्येक पेटीचं असंच असतं.

मागच्या उन्हाळ्यात भाग्यश्रीचा फोन आला. ती आता लातूरलाच नोकरी करते, आईचं डायलिसिस चालू आहे, भाऊ इंजिनिअरिंगला आहे. आजी गेली होती. त्याच बांधावर, मुलाच्या दुसऱ्या बाजूला माती दिली. मी दोन शब्द बोललो. मग ती म्हणाली, "सर, त्या नोंदीत देखभाल म्हणून आज्जीचं नाव आहे. आता कुणाचं लिहिणार?"

सोळा वर्षं त्या टेबलावर बसलेला माणूस जे विचारेल तेच मी विचारलं. शेत कुणाच्या नावावर आहे? ती म्हणाली, काकांच्या. मग काकांचं लिहितो, मी म्हटलं.

"काकांना माहीतच नाही, सर. आज्जीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ते चार दगड कशाचे, ते मलाच माहीत आहे. आणि तुम्हाला, चाचांना."

दुसऱ्या दिवशी मी विभागातून वही मागवून घेतली. आजीच्या नावावर एक सरळ रेघ मारली, बाजूला तारीख घातली, आणि खाली लिहिलं, डॉ. भाग्यश्री कलशेट्टी, मुक्काम लातूर. तिच्या नावाआधी ते ‘डॉ.’ मी पहिल्यांदाच लिहीत होतो. लिहून झाल्यावर मनात आलं, एका गावात राहून दुसऱ्या गावच्या जागेची देखभाल नियमात बसते का? नियमांचं पुस्तक मागच्याच कपाटात होतं. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच मी उठून पाहिलं नाही.